भाषा बदलते ती कोणाच्या हातून?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने भाषेवर बोलावे, हा थोडा अगोचरपणा आहे. परंतु संयोजकांनी विषय सुचविला तेव्हा मी नाही म्हटले नाही, कारण या विषयाचे एक जुने ऋण माझ्या डोक्यावर आहे. ते आधी सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी सुटीच्या दिवसांत इचलकरंजीकडील यंत्रमाग कामगारांचे अर्ज आणि जबाब लिहून देण्याचे काम करीत असे. कामावरून काढलेला एक कामगार माझ्यापुढे बसला आणि म्हणाला, ‘‘मी दिवाणजीकडं दोनदा तक्रार केलो, मालकापाशीबी केलो.’’ मी प्राध्यापक. मी लिहिले, ‘उपरिनिर्दिष्ट बाबीसंबंधी मी व्यवस्थापनाकडे दोन वेळा तक्रार केली होती.’ पुढे सुनावणीत समोरच्या वकिलाने त्याला विचारले, ‘उपरिनिर्दिष्ट म्हणजे काय?’ तो गप्प राहिला. मग वकिलाने विचारले, हा जबाब तुझाच ना? त्यावर तो प्रामाणिकपणे म्हणाला, ‘‘हे माझं बोलणं न्हवं.’’ त्याची तक्रार खरी होती, परंतु ती पढविलेली ठरली. ती पढविलेली ठरविण्याचे काम मालकाने नव्हे, मी केले होते. ‘केलो’चे ‘केली’ करताना मला वाटले होते की मी त्याची भाषा शुद्ध करतो आहे. आज मला एवढेच तपासायचे आहे की त्याचे ‘केलो’ आले कुठून, आणि माझे ‘केली’ तरी कुठून आले.

भाषा का बदलते, या प्रश्नाला सर्वांत जुने आणि आजही सर्वांत लोकप्रिय असलेले उत्तर ‘ती बिघडते’ असे आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन पंडित ऑगस्ट श्लायशर यांनी भाषेला सजीवाची उपमा दिली. ती जन्मते, वाढते आणि मग झिजत जाते, असे ते मानीत. आपल्याकडे संस्कृत ही आई, प्राकृत ही तिची बोबडी मुलगी आणि मराठी ही नात, असा जो वंशवृक्ष पुष्कळांच्या मनात असतो त्याच्या मुळाशीही हीच भावना आहे. तिचे शास्त्रीय खंडन १८७० नंतर लाइपझिगच्या तरुण अभ्यासकांनी केले. ध्वनी बदलतात ते स्वैरपणे नव्हे, तर नियमाने, आणि तो नियम सर्व शब्दांना सारखा लागू होतो, असे त्यांचे म्हणणे. मराठीतच पाहा. हस्तचा हत्थ आणि हत्थचा हात, सप्तचा सत्त आणि मग सात, कर्मचा कम्म आणि मग काम, दुग्धचा दुद्ध आणि मग दूध. जोडाक्षरातील एक व्यंजन गेले की अलीकडचा स्वर लांबतो. फ्रेंच पंडित ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात हा सारा हिशेब काटेकोरपणे मांडला आहे. बिघाड इतका शिस्तबद्ध नसतो.

परंतु हा नियम ‘कसे’ एवढेच सांगतो. ‘का’ याचे उत्तर त्यात नाही.

‘का’चे एक उत्तर आमच्या अर्थशास्त्राच्या कुळातून आलेले आहे. ॲडम स्मिथ यांनी १७६१ मध्ये भाषांच्या उत्पत्तीवर एक निबंध लिहिला होता. त्यांचे म्हणणे असे की दोन लोकसमूह एकत्र येतात तेव्हा मोठ्या वयात परकी भाषा शिकणाऱ्यांना विभक्तींचे जंजाळ लक्षात राहत नाही. ते शब्दयोगी आणि साहाय्यक शब्दांनी काम भागवतात, आणि भाषा सुटसुटीत होते. हे निरीक्षण अचूक आहे. गंमत अशी की श्रमविभागणीचे गोडवे गाणारा हा गृहस्थ पुढे म्हणतो, यंत्र सोपे केले की सुधारते, भाषा मात्र सोपी केली की उणावते. विसाव्या शतकात आंद्रे मार्तिने यांनी १९५५ मध्ये ध्वनिबदलांचे ‘अर्थशास्त्र’ मांडले. बोलणाऱ्याला श्रम वाचवायचे असतात आणि ऐकणाऱ्याला घोटाळा नको असतो, या ओढाताणीतून भाषा घडते, असे त्याचे सार. मला हे पटते, पण पुरेसे वाटत नाही. श्रम वाचविण्याची इच्छा सर्वांनाच असते, मग एका गावचा बदल दुसऱ्या गावी का होत नाही? बाजारभावाचे स्पष्टीकरण ‘माणूस लोभी आहे’ एवढ्यावर देणाऱ्या विद्यार्थ्याला मी कधी उत्तीर्ण केले नाही.

आता त्या ‘केलो’कडे वळू.

‘मी काम केले’ या वाक्यात करणारा ‘मी’ असूनही क्रियापद कामाच्या मागे जाते. काम नपुंसकलिंगी म्हणून ‘केले’, तक्रार स्त्रीलिंगी म्हणून ‘केली’. हे असे का? कारण मुळात ते कर्मणी वाक्य होते. संस्कृतात ‘मया कर्म कृतम्’, म्हणजे माझ्याकडून काम केले गेले. त्या ‘मया’चा वारस म्हणजे जुन्या मराठीतील ‘मियां’ आणि नंतरचे ‘म्यां’. एकोणिसाव्या शतकातील छापील मराठीत ‘म्यां केलें’, ‘त्वां केलें’ सर्रास आढळते. ‘म्यां’ म्हणजे ‘माझ्याकडून’ हे जोवर कानाला कळत होते, तोवर क्रियापदाने कामाच्या मागे जाणे सुसंगत होते. पुढे ‘म्यां’ गेले आणि ‘मी’ आले. ‘मी जातो’ यातला ‘मी’ आणि ‘मी केले’ यातला ‘मी’ एकरूप झाले. ही पडझड कोणी केली? इचलकरंजीच्या कामगाराने नव्हे. ती पुण्यामुंबईच्या शिष्ट मराठीने केली आणि तिच्याबद्दल कोणी शोकसभा भरविली नाही.

एकदा ‘मी’ हा सरळ कर्ता दिसू लागला की क्रियापद त्याच्याकडे ओढले जाणे साहजिकच होते. प्रमाण मराठीतही ते ओढले गेले आहेच. आपण ‘तू काम केलेस’ म्हणतो. त्यातला ‘स’ कामाचा नाही, ‘तू’चा आहे. आपण ‘मी छत्री विसरलो’ म्हणतो, ‘विसरली’ म्हणत नाही. ‘मी धडा शिकलो’ म्हणतो. छत्री विसरणारा प्राध्यापक शुद्ध बोलतो आणि तक्रार करणारा कामगार अशुद्ध बोलतो, हे व्याकरणाच्या कोणत्या तत्त्वाने ठरते? कामगाराने प्राध्यापकाचाच नियम थोडा पुढे नेला, एवढेच.

तो पुढे का नेला, याचे कारण त्याच्या शेजारी आहे. दक्षिण महाराष्ट्रात मराठी आणि कन्नड पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाजारात, एकाच शेतात बोलल्या जातात. कन्नडमध्ये ‘नानु केलस माडिदे’ असे म्हणताना क्रियापद सरळ ‘मी’च्या मागे जाते. दोन्ही भाषा बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यात दोन व्याकरणे वागविण्यापेक्षा एक साचा सोयीचा. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे याचा जो अभ्यास केला आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध केला, तो जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत शिकविला जातो. आपल्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांना तो ठाऊक आहे, कोण जाणे. तेव्हा कुपवाड हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव होते. जैन आणि लिंगायत कन्नड बोलत, मुसलमान उर्दू बोलत आणि भूमिहीन दलित मराठी बोलत. या अभ्यासकांना आढळले की तिन्ही भाषांची वाक्यरचना एकमेकींच्या इतकी जवळ आली होती की शब्दाला शब्द ठेवून एका भाषेतले वाक्य दुसरीत नेता यावे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे, ऐकणाऱ्याला वगळून आणि त्याला धरून. तो भेद तेथील उर्दूनेही उचलला. मात्र शब्द वेगळे राहिले.

या शेवटच्या वाक्याशी मी पुष्कळदा थांबलो आहे. रचना एक झाली, कारण काम एकत्र होते, देवघेव एकत्र होती. शब्द वेगळे राहिले, कारण घरे वेगळी होती, चुली वेगळ्या होत्या, जातीबाहेर लग्न नव्हते. त्या गावाच्या व्याकरणात त्याचे अर्थकारण उमटले होते आणि त्याच्या शब्दसंग्रहात जातिव्यवस्था. १९९८ मध्ये कुपवाड सांगली-मिरजेबरोबर महापालिकेत गेले. तेथे औद्योगिक वसाहत आहे. पन्नास वर्षांपूर्वीचे ते चित्र आज तसेच असेल असे मानण्याचे कारण नाही. आपल्यातील एखाद्या तरुण साथीने तेथे पुन्हा जाऊन कान देऊन ऐकावे, असे मला फार वाटते.

येथे मार्क्सवाद्यांच्या घरातील एका भांडणाचा उल्लेख केला पाहिजे. निकोलाय मार या सोव्हिएट पंडिताने भाषा ही वर्गीय वस्तू आहे, आर्थिक पायावरील इमल्याचा ती भाग आहे, असा सिद्धांत मांडला. जगातील सर्व भाषा चार मूळ ध्वनिगटांतून निघाल्या, असेही त्यांचे म्हणणे होते. हा सिद्धांत दोन दशके सरकारी सत्य होता. १९५० च्या जूनमध्ये स्टालिन यांनी ‘प्रावदा’त लेख लिहून तो मोडीत काढला. भाषा पाया नाही, इमलाही नाही, ती साऱ्या समाजाची असते, क्रांती झाली म्हणून रशियन बदलली नाही, असे त्यांनी बजावले. मुद्दा बरोबर होता. पण भाषाशास्त्रातील वाद पक्षाच्या चिटणीसाने एका लेखाने मिटवावा, आणि काल मारचे भक्त असलेल्यांनी आज त्यांना शिव्या घालाव्यात, हे आपल्यासारख्या लोकशाही समाजवाद्यांनी विसरू नये असे उदाहरण आहे. या दोघांहून मला वॅलेंटिन वोलोशिनोव यांचे १९२९ चे पुस्तक महत्त्वाचे वाटते. त्यांचे म्हणणे असे की निरनिराळे वर्ग एकच भाषा वापरतात, आणि म्हणूनच एकेका शब्दात त्यांची झटापट चालते. ज्याची सत्ता असते तो शब्दाला एकच अर्थ चिकटवू पाहतो.

हे आपल्याला आपल्याच शब्दांवरून कळते. ‘संप’ हा शब्द घ्या. गुजरातीत आजही ‘संप’ म्हणजे एकोपा, ऐक्य. मराठीतही त्याचा जुना अर्थ एकी, जूट असाच होता. कामगारांनी जूट केली की काम थांबे, म्हणून जुटीचे नाव काम थांबण्याला पडले. पुढे वर्तमानपत्रांतून तो ‘संपामुळे नागरिकांचे हाल’ एवढ्यापुरता उरला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी जे सुरू केले त्यालाही संपच म्हणतात, पण त्या शब्दात एकी होती हे आज किती जणांना ऐकू येते? ‘कामगार’ हा शब्दही पाहा. ‘काम’ आपले, संस्कृतातून झिजत आलेले, आणि ‘गार’ हा प्रत्यय फारसी. ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला, ‘मजूर’ आणि ‘रोजगार’ फारसीतून. ‘हप्ता’ म्हणजे फारसीत आठवडा. मराठीत तो आठवड्याचा पगार झाला, मग कर्जाची फेड झाला आणि शेवटी गल्लीतल्या दादाची खंडणी झाला. एका शब्दाच्या प्रवासात शहराचा केवढा इतिहास आला!

या परक्या शब्दांना हाकलण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला, त्यामागे राज्याच्या स्वत्वाची दृष्टी होती. राजवाड्यांनी सतराव्या आणि अठराव्या शतकांतील काही पत्रांतले शब्द मोजून फारसीचे प्रमाण उतरत गेल्याचे दाखविले. (मोजकी पत्रे म्हणजे नमुना-पाहणी नव्हे, हा माझ्या धंद्यातला आक्षेप मी नोंदवून ठेवतो.) सावरकरांच्या शुद्धिमोहिमेशी आपले तीव्र मतभेद आहेत, तरी ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ आपण वापरतोच. माधव जूलियनांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश केला आणि पुढे १९३८ मध्ये भाषाशुद्धीची बाजू मांडणारे पुस्तक लिहिले. सत्तेने आणि पंडितांनी दिलेले शब्द मुळीच टिकत नाहीत, असे म्हणता येणार नाही. पण ‘सरकार’, ‘तालुका’, ‘अर्ज’, ‘वकील’, ‘जमीन’ हे शब्द साडेतीनशे वर्षे हलले नाहीत, कारण ज्यांचे काम त्यांवाचून अडत होते ते लोक कोश वाचीत नव्हते.

लेखननियमांचेही तसेच. साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये चौदा नियम केले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. ‘केलें’वरचा अनुस्वार गेला तेव्हा केवढा गहजब झाला! वस्तुतः तो बोलण्यातून केव्हाच गेला होता. महामंडळाने मृत्यूची नोंद केली, मृत्यू घडविला नाही.

मग भाषा बदलतो कोण? रूडी केलर या जर्मन अभ्यासकाने १९९० मध्ये याचे उत्तर म्हणून ॲडम स्मिथचा ‘अदृश्य हात’च पुढे केला. हिरवळीवर पायवाट पडते. ती पाडण्याचा कोणाचाच हेतू नसतो, प्रत्येक जण फक्त जवळून जात असतो. भाषेतील बदल असेच असतात, असे ते म्हणतात. मला हे सुंदर वाटते आणि अस्वस्थही करते. आपल्याकडचे उदाहरण देतो. ‘बाई’ हा केवढा मानाचा शब्द! अहिल्याबाई, लक्ष्मीबाई. शाळेत शिकविणाऱ्या त्या ‘बाई’. आज शहरी घरांत ‘बाई आली नाही’ म्हणजे भांडी पडून आहेत. असे व्हावे असे कोणी ठरविले नव्हते. जो तो समोरच्या स्त्रीला थोडा अधिक मान द्यावा म्हणून वरचा शब्द वापरतो, तो शब्द सर्वांना लागू होतो, त्याची किंमत उतरते, मग ‘मॅडम’ काढावे लागते. ही चलनवाढच आहे. केलर म्हणतात तसा येथे अदृश्य हात खराच आहे.

पण स्वस्त झालेली ‘बाई’ घसरत कुणाच्या वाट्याला आली, हे अदृश्य हात सांगत नाही. पायवाट सर्वांच्या पायांनी पडते हे खरे, पण कुंपण कुठे घालायचे हे सर्वांनी ठरविलेले नसते. आणि त्याच शब्दाच्या बाबतीत पुढे काय झाले? घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी संघटना केल्या, मोर्चे काढले, आणि २००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. ‘मोलकरीण’ कायद्यात ‘कामगार’ झाली. तो कायदा कागदावर किती आणि व्यवहारात किती, हे तुम्ही माझ्याहून अधिक जाणता. पण नाव बदलले ते दिसणाऱ्या, मूठ आवळलेल्या हातांनी. ‘दलित’ हा शब्दही १९७२ मध्ये पँथरच्या तरुणांनी असाच आपल्या अर्थाने उच्चारला आणि दयेने दिलेले नाव मागे पडले.

अमेरिकेतील विल्यम लबॉव्ह, जे २०२४ मध्ये निवर्तले, त्यांनी १९६३ मध्ये एका बेटाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मार्थाज व्हिनयार्ड हे त्याचे नाव. वस्ती सुमारे सहा हजार, आणि उन्हाळ्यात चाळीस हजारांहून अधिक श्रीमंत पाहुणे येत. जुना, गावंढळ मानला जाणारा एक स्वरोच्चार तेथे मरण्याऐवजी वाढत होता. लबॉव्ह यांनी शोधले तो कोण वाढवतो. मच्छीमार, आणि बेट सोडून न जाण्याचे ठरविलेले तरुण. त्यांना ‘आम्ही असे बोलतो’ असे कोणी शिकविले नव्हते. घरे विकली जात होती, धंदा बसत होता, आणि जिभेने परस्पर बाजू घेतली होती. मला तो इचलकरंजीचा कामगार आठवला. प्रमाण मराठी त्याला येत नव्हती असे नाही, ती त्याने आकाशवाणीवर रोज ऐकली होती.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद झाला. मात्र अभिजात म्हणजे गोठलेली नव्हे, हे ज्यांच्या नावाने आपण तो दर्जा मागितला त्यांच्याच इतिहासात आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची. नाथांनी १५८४ मध्ये तिची प्रत शुद्ध केली, ती का करावी लागली? कारण तीनशे वर्षांत नकल करणाऱ्यांची मराठी बदलली होती आणि त्यांनी न कळत ज्ञानेश्वरांना आपल्या काळाचे बोलायला लावले होते. नाथांनी ग्रंथ शुद्ध केला, लोकांना शुद्ध करायला निघाले नाहीत. स्वतः ते बोलीत भारुडे रचीत राहिले.

शेवटी आपल्या पत्रकांविषयी थोडे बोलतो. घरोघरी जेवण पोचविणाऱ्या मुलांना कंपन्या ‘पार्टनर’ म्हणतात. भागीदाराला नफ्यात वाटा असतो, या मुलाला पेट्रोलचाही नसतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग कामगार’ अशी व्याख्या आली, पण नेहमीच्या मालक-नोकर संबंधाबाहेरचा म्हणून. ‘लाभार्थी’ हा असाच दुसरा शब्द. रेशन हा हक्क म्हणून मागणारी बाई आता लाभ घ्यायला आलेली असते. आपल्या परवाच्या पत्रकात हे दोन्ही शब्द आपणच छापले आहेत, आणि त्याच पत्रकात ‘उपरोक्त’ तीनदा आहे. ते मी मोजले.

त्या जबाबानंतर मी एक पद्धत पाळली. माणूस बोलेल तसे लिहायचे आणि सही घेण्यापूर्वी त्याला ते वाचून दाखवायचे. एका तरुण वकिलाने मला बजावले की असे ‘अशुद्ध’ जबाब न्यायालयात टिकत नाहीत. पुढचे जबाब तसेच गेले, आणि ‘हे तुझेच बोलणे का’ असा प्रश्न त्यानंतर कुणाला आला नाही. इचलकरंजीकडचे काही साथी आज मागच्या रांगेत बसलेले दिसतात. ‘केलो’विषयी मी जे बोललो त्यात कुठे चुकलो असेन, तर त्यांनीच आधी उठून सांगावे.